खेळण्यास योग्य

कासोंडे म्वापे मला पहिल्यांदा भेटला तेव्हा तो संतापलेला होता, आणि त्याचा संताप रास्त होता.

झांबियातल्या किट्वे शहरातून तो आदल्याच दिवशी सिंगापूरला उतरला होता. वय एकोणीस, डाव्या पायाचा फॉरवर्ड. आमच्या क्लबने, हार्बर अ‍ॅथलेटिकने, त्याच्याशी दोन वर्षांचा करार केला होता. मी त्या क्लबची फिजिओथेरपिस्ट. हौगांगच्या मैदानाला लागून आमची उपचारांची खोली होती, तिथे तो सकाळी नऊला आला. मी त्याला सांगितलं, आधी मनगटाचा एक्स-रे काढायला जायचं आहे.

"मनगटाचा? मी गोलकीपर नाही."

"वय तपासायला," मी म्हणाले.

तो टेबलावर बसणार होता, तो बसलाच नाही. "माझा पासपोर्ट पाहिलात तुम्ही?"

"पाहिला."

"तुमच्याकडे जपानचा एक मिडफिल्डर आहे. त्याच्या मनगटाचा फोटो काढलात?"

मी एक्स-रेची चिठ्ठी त्याच्यापुढे सरकवली.

"माझी आई गणित शिकवते," तो म्हणाला. "माझ्या जन्माची तारीख तिला चांगली आठवते. तिला फोन करा. करा ना! नंबर देतो."

एकोणिसाव्या वर्षी मनगटातली वाढीची हाडं बहुधा जुळून गेलेली असतात, पुढे वय एकोणीस असो की पंचवीस, फोटो तसाच दिसतो. त्या फोटोवरून वयाबद्दल काहीही सिद्ध होत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी ते धवलला सांगितलंही होतं. धवल सबनीस क्लबचा जनरल मॅनेजर, पुण्याचा, माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी लहान. तो म्हणाला होता, "शुभदाताई, मालकांना फाइलमध्ये एक कागद हवाय. कागदाने कुणाचं काय जातंय?"

मी कासोंडेला घेऊन गेले. गाडीत तो खिडकीकडे तोंड करून बसला. एक्स-रेमधून अर्थातच काही निघालं नाही. कागद फाइलमध्ये गेला.

पुढच्या चार महिन्यांत त्या पोराने काय खेळ केला! त्याआधी अकरा वर्षं मी सिंगापुरात काम करत होते, त्यातली सहा फुटबॉलमध्ये. चांगले खेळाडू पाहिले होते. पण हा चेंडू यायच्या आधीच मागच्या बचावपटूचं वजन कुठल्या पायावर आहे ते ओळखायचा, आणि नेमका त्याच बाजूने वळायचा. बचावपटू पडायचे. कुणी ढकललेलं नसायचं, तरी पडायचे. चौदा सामन्यांत अकरा गोल. स्टँडमध्ये तीनशे माणसं यायची तिथे बाराशे यायला लागली.

रागही तसाच. चुकीचा निर्णय दिला की तो पंचासमोर जाऊन हात मागे बांधून उभा राहायचा आणि नियम सांगायचा, कलमासकट. त्यापायी पाच वेळा पिवळं कार्ड मिळालं. मी एकदा विचारलं, हे नियम कुठे शिकलास? तेव्हा तो पहिल्यांदा हसला. त्याची आई आठवडाभर शाळेत शिकवायची आणि शनिवारी सामन्यांना पंच म्हणून उभी राहायची. एकदा तिने त्यालाच मैदानाबाहेर काढलं होतं, तो पंधरा वर्षांचा असताना.

"घरी गेल्यावर जेवण वाढलं का?" मी विचारलं.

"वाढलं. पण रिपोर्ट आधी लिहिला."

तो रविवारी आमच्याकडे टॅम्पिनीसला जेवायला यायला लागला. मक्याच्या पिठाची घट्ट उकड आणि बुळबुळीत भेंडी हे त्याचं घरचं जेवण. मला भेंडी कुरकुरीत करायची सवय, तर तो म्हणायचा, "तुम्ही भेंडीचा जीव घेता." मग मी त्याच्या पद्धतीने पाणी घालून शिजवायला लागले. माझा नवरा अमेय ती खायचा नाही, मुलगी गार्गी नाक मुरडायची, आणि कासोंडे बोटांनी गोळा वळून भांडं रिकामं करायचा. मला तो बामायो म्हणायचा. त्याच्या भाषेत आईला तसं म्हणतात. मला ते आवडायचं. आता ते आठवलं की मान खाली जाते.

पंधराव्या सामन्यानंतर तो लंगडताना दिसला. जरासाच. दुसऱ्या कुणाच्या लक्षात आलं नसतं. मी त्याला टेबलावर घेतलं, डाव्या पायाच्या बाहेरच्या कडेवर, करंगळीच्या मागच्या हाडावर अंगठा दाबला, तर त्याने दात आवळले.

"कधीपासून?"

"तीन आठवडे."

"आणि आज सांगतोस?"

"आज तुम्ही विचारलंत."

दुसऱ्या दिवशी मी एमआरआय करून घेतला. हाडाला बारीक तडा जायला लागला होता. आरपार गेला नव्हता. अशा वेळी औषध एकच, विश्रांती. आठ आठवडे बूट घालायचे नाहीत. खेळत राहिलं तर ते हाड मोडतं, आणि त्या जागी रक्त कमी पोचत असल्यामुळे मोडलं की लवकर जुळत नाही. मी अहवाल लिहिला, त्यावर तारीख घातली आणि धवलला ईमेल केला. त्याखाली माझं वाक्य होतं: खेळाडूला आठ आठवडे खेळवू नये. मंगळवार होता तो.

बुधवारी दुपारी धवलने मला पाया लेबारच्या ऑफिसात बोलावलं. कोचही होता. तो सबंध वेळ मोबाइलमध्ये बघत बसला.

"ताई, शनिवारी बेल्जियमच्या एका क्लबची दोन माणसं येतायत," धवल म्हणाला. "फक्त कासोंडेला बघायला. इतक्या लांबून. परत येणार नाहीत."

"पाय मोडेल त्याचा."

"मोडेलच असं आहे का? शंभर टक्के?"

"शंभर टक्के असं कुणीच सांगू शकत नाही."

"मग!" तो जणू वाद जिंकला. "एक सामना. नव्वद मिनिटं. पट्टी घट्ट बांधा, बाहेरचे डॉक्टर येऊन इंजेक्शन देतील, दुखणार नाही. नंतर आठ नाही, दहा आठवडे विश्रांती देऊ. आणि त्याचं भलं कशात आहे ते तरी बघा. तो पोरगा आयुष्यभर इथे बाराशे लोकांसमोर खेळणार का?"

मी नाही म्हणाले. खरंच म्हणाले. मग तो हळूच म्हणाला, "तुमचा करार पुढच्या महिन्यात संपतोय ना? मी वर शब्द टाकलाय तुमच्यासाठी. मला तोंडघशी पाडू नका."

आणि गुरुवारी कासोंडे स्वतः आला. खोलीचं दार लावून त्याला पाठ टेकून उभा राहिला.

"सामन्याच्या फिटनेस फॉर्मवर सही करा."

"तुला तो फोटो दाखवलाय मी. ती रेघ पाहिलीस ना?"

"पाहिली. माझ्या गल्लीतली पाच मुलं माझ्यापेक्षा चांगली खेळायची. त्यांना बघायला कधी कोणी आलं नाही. मला बघायला आलेत. मी खेळणार. तुम्ही सही केली नाहीत तर मी तुम्हाला कधीच माफ करणार नाही."

शुक्रवारी सकाळी मी फॉर्मवरच्या 'खेळण्यास योग्य' या चौकोनात खूण केली आणि खाली सही केली. शुभदा जोगळेकर. नोंदणी क्रमांकासकट. माझ्यावर कुणी पिस्तूल रोखलं नव्हतं. मी शिकलेली बाई आहे, नवऱ्याला नोकरी आहे, उद्या माझी गेली असती तरी आम्ही उपाशी मेलो नसतो. तरी केली. लोक धवलला शिव्या देतात तेव्हा मला हे सांगावंसं वाटतं.

शनिवारी संध्याकाळी बेल्जियमची दोन माणसं तिसऱ्या रांगेत बसली होती, गुडघ्यांवर वह्या घेऊन. डॉक्टरने इंजेक्शन दिलं, मी पट्टी बांधली. कासोंडे उठून दोन उड्या मारून म्हणाला, "काही नाही. बघा, काहीच नाही."

बाविसाव्या मिनिटाला त्याने गोल केला. उजव्या बाजूने आलेला चेंडू न थांबवता, डाव्या पायाच्या बाहेरच्या कडेने. त्याच कडेने. अख्खं स्टँड उठलं आणि मी बाकावर डोळे मिटून बसले. मध्यंतरात मी कोचला म्हणाले, "आता तरी काढा. त्यांनी बघितलंय." तो म्हणाला, "आणखी पंधरा मिनिटं."

अठ्ठावन्नाव्या मिनिटाला तो एकटाच वळला. जवळपास कोणी नव्हतं. वळला आणि खाली बसला, एखाद्याने खुर्ची काढून घ्यावी तसा. हाड मोडल्याचा आवाज ऐकला असं मी म्हणणार नाही, त्या गोंगाटात ऐकू येत नाही. पण त्याने पायाकडे बघितलं नाही. त्याने सरळ बाकाकडे, माझ्याकडे बघितलं. मी पेटी घेऊन धावत पोचले तेव्हा तो एवढंच म्हणाला, "मोडलं." बेल्जियमची माणसं सामना संपायच्या आत निघून गेली. त्यांचा फोनसुद्धा आला नाही.

हॉस्पिटलात हाड आरपार मोडल्याचं दिसलं. स्क्रू घालायला हवा, लवकर, असं सर्जनने सांगितलं. क्लबच्या मंजुरीचं पत्र आलं की तारीख देतो म्हणाला. पायाला आधार बांधून, कुबड्या देऊन त्याला सोडलं.

ते पत्र आलंच नाही. सोमवारी आलं ते दुसरं पत्र. खेळाडूने येण्याआधीची जुनी दुखापत लपवली, त्यामुळे करार रद्द. क्लब त्याचा इथे काम करायचा पास रद्द करणार आणि पुढच्या बुधवारी घरी जाण्याचं तिकीट काढलेलं आहे. ऑपरेशन त्याने आपल्या देशात करून घ्यावं.

धवलने मलाही एक कागद पाठवला होता. 'खेळाडूने आपल्याला होणारा त्रास वैद्यकीय पथकापासून वेळोवेळी लपवला.' खाली माझं नाव टाइप केलेलं, सहीची जागा मोकळी. मी फोन केला.

"धवल, हे खोटं आहे."

"अगदीच खोटं कुठे? तीन आठवडे त्याने सांगितलं नव्हतं, तुम्हीच लिहिलंय."

"मंगळवारी मी तुम्हाला अहवाल पाठवलाय!"

"आणि शुक्रवारी फिट म्हणून सही कोणाची आहे, ताई?" त्याचा आवाज अगदी मऊ होता. "मी तुम्हालाच वाचवतोय. हा कागद गेला तर चूक त्याची. नाही गेला तर चूक कोणाची, विचार करा. तो काय, जाईल आठ दिवसांत. आपल्याला इथे राहायचंय."

मी म्हणाले, विचार करते. हे मी म्हणाले. त्या मुलाचं हाड मोडलेलं असताना, विचार करते.

दोन दिवस मी विचारच करत होते. तिसऱ्या दिवशी, गुरुवारी, मी स्वयंपाकघरात होते तेव्हा फोन वाजला. परदेशी नंबर. कासोंडेची आई होती. तिच्याशी आधी दोनदा बोलले होते, रविवारी व्हिडिओवर, हसत. या वेळी तिने नमस्कार-चमत्कारही केला नाही.

"मिसेस जोगळेकर, माझा मुलगा मला एक गोष्ट सांगतो आणि क्लब दुसरी. म्हणून तुम्हाला विचारते. त्याच्या पायात काय आहे ते सामन्याआधी तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"मग तो खेळू शकतो असं कोणी लिहून दिलं?"

"मी."



"वीस वर्षं मी पंच आहे," ती म्हणाली. "कितीतरी निर्णय चुकले माझे. दिसलं नाही, ऐकू आलं नाही, लांब होते. प्रेक्षक मला काय काय बोलले. पण समोर दिसत असताना शिट्टी तोंडातून काढून खिशात ठेवली असं मी एकदाही केलं नाही."

"मला माफ—"

"ते राहू दे. माफीने हाड जुळत नाही. माझा मुलगा विमानात बसायच्या आत त्याचं ऑपरेशन झालं पाहिजे. इथे मी त्याला हॉस्पिटलच्या रांगेत उभं करीन आणि तोवर ते वेडंवाकडं जुळेल. तुम्हाला काय करायचंय ते करा." तिने फोन ठेवला.

अमेय ऑफिसमधून आला तेव्हा मी जेवणाच्या टेबलावर सगळे कागद मांडून बसले होते. मी त्याला सगळं सांगितलं. गार्गीही येऊन उभी राहिली. ती चौदा वर्षांची आहे.

अमेय म्हणाला, "हे बाहेर दिलंस तर तुझी नोंदणी जाऊ शकते. कळतंय ना?"

"कळतंय."

"नोकरी तर जाईलच."

"अमेय, कळतंय मला!"

गार्गीने फॉर्म उचलून बघितला. "वेट. यू साइन्ड धिस? आई, तू?"

"हो."

"नोइंग?"

"हो."

"देन यू टेल देम लाह," ती तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली. "वॉट्स देअर टू डिस्कस?" आणि खोलीत जाऊन दार आपटलं. दार आपटल्याबद्दल एरवी आमच्या घरात कोणीतरी ओरडलं असतं. कोणी ओरडलं नाही. अमेयने चष्मा काढून पुसला आणि म्हणाला, "किती प्रती काढायच्या?"

शुक्रवारी मी आधी धवलकडे गेले. चोरून तक्रार करायची नव्हती मला.

"मी आज सरकारच्या मनुष्यबळ खात्यात जाणार आहे," मी उभ्यानेच म्हणाले. "दुखापत कामावर झालेली आहे, उपचार क्लबनेच करायला हवेत. मंगळवारचा अहवाल, तुमची ईमेलं, शुक्रवारचा फॉर्म, सगळं देणार आहे."

"फॉर्मसुद्धा?" त्याने हसून मान हलवली. "ताई, रागाच्या भरात माणूस स्वतःच्याच पायावर कुऱ्हाड मारून घेतो. बसा. चहा मागवतो. आपण दोघं मराठी, परक्या मुलखात—"

"ताई म्हणू नका मला."

"बरं. शुभदा—"

"त्या मुलाला गुरासारखं तपासलंत तुम्ही आल्या दिवशी. त्याचे दात तेवढे मोजायचे राहिले. आणि मी मोजून दिले असते, तुम्ही सांगितलं असतंत तर! चार महिने त्याचे फोटो बसवर लावलेत. हाड मोडलं तर आठ दिवसांत तिकीट? त्याच्या हातात कुबड्या आहेत, धवल. कुबड्या घेऊन दोन विमानं बदलत जायचं त्याने. तुमच्या मुलाचा पाय असता तर?"

"माझा मुलगा एवढं खोटं बोलला नसता."

"कोण खोटं बोललं?" काचेपलीकडची माणसं वळून बघायला लागली, आणि मला बघू द्यायचं होतं. "तो एकटाच खरं बोललाय या सगळ्यात! दुखतंय का विचारलं, हो म्हणाला. खेळायचंय का विचारलं, हो म्हणाला. खोटं मी लिहिलं, आणि लिहून घेतलं तुम्ही!"

त्याचा चेहरा पांढरा पडला. मग तो थंडपणे म्हणाला, "तुमचं प्रवेशकार्ड टेबलावर ठेवा." मी ठेवलं.

तिथून मी हौगांगला गेले. क्लबने भाड्याने घेतलेल्या फ्लॅटमध्ये तो आणि आणखी तिघे खेळाडू राहायचे. दुपारी बाकीचे सरावाला गेले होते. कासोंडे पलंगावर पाय उशीवर ठेवून पडला होता, कुबड्या भिंतीला. बॅग अर्धी भरलेली. पायाचा आधार सैल झाला होता. मी सवयीने वाकले.

"हात लावू नका."

मी मागे झाले. तक्रारीचा अर्ज त्याला दिला. त्याच्या सहीशिवाय तो पुढे जाणार नव्हता. त्याने तो अगदी सावकाश वाचला, तीनही पानं. दुसऱ्या पानावर माझा जबाब होता.

"इथे तुम्ही लिहिलंय की मी खेळायचा हट्ट धरला."

"हो. तेही खरं आहे."

"मी तुम्हाला धमकी दिली. माफ करणार नाही म्हणालो."

"हो."

"मी एकोणीस वर्षांचा आहे," तो म्हणाला. "तुम्ही किती?"

"त्रेचाळीस."

"मग?" त्याचा आवाज चढला. "मग तुम्ही माझं का ऐकलंत? मला खेळायचंच होतं! मी पाय तुटेपर्यंत खेळलो असतो, मला थांबवायचं काम तुमचं होतं. त्याचाच पगार घेत होतात ना तुम्ही? मी तुमच्यावर ओरडलो असतो. तुमच्याशी वर्षभर बोललो नसतो. माझी आई मला मैदानाबाहेर काढते तेव्हा मी तिच्यावर ओरडत नाही का? ती ऐकते का माझं?" त्याने कुबडी उचलून जमिनीवर आपटली. "आणि मी तुम्हाला तेच म्हणत होतो. बामायो म्हणत होतो!"

मी कुबडी उचलून पुन्हा भिंतीला लावली. त्याने पेन मागितलं आणि तिन्ही पानांवर सही केली.

खात्यातल्या बाईने सगळे कागद शांतपणे वाचले. फॉर्मपाशी थांबून तिने मला विचारलं, "ही सही तुमचीच? आणि तरीही तुम्हीच आणलात?" मी हो म्हणाले. तिने शिक्का मारला. मंगळवारी, तिकिटाच्या आदल्या दिवशी, क्लबला पत्र गेलं की चौकशी आणि उपचार होईपर्यंत खेळाडूला देशाबाहेर पाठवता येणार नाही. शुक्रवारी त्याच्या पायात स्क्रू बसला. क्लबची मंजुरी तेव्हा दोन तासांत आली.

त्यानंतरचे बारा आठवडे तो सिंगापुरात होता. बाहेरच्या एका फिजिओकडे जायचा. मी त्या बाईंना रोज काय करून घ्यायचं ते लिहून पाठवायचे. आमच्याकडे तो पुन्हा जेवायला आला नाही. मी डबा पाठवला तर डबा धुऊन परत यायचा, चिठ्ठी नाही, निरोप नाही. गार्गी तो पोचवायला जायची. एकदा तिनेच सांगितलं, "ही इज स्टिल व्हेरी अँग्री, आई." मी म्हणाले, असू दे.

क्लबने चौकशीत आपली चूक मान्य केली नाही. 'गैरसमज झाला' असं पत्रक काढलं. धवल सहा महिन्यांत दुसऱ्या देशातल्या एका क्लबवर मोठ्या हुद्द्यावर गेला. इंजेक्शन देणाऱ्या डॉक्टरांचं नाव कुठेच आलं नाही, कारण त्यांनी कुठेच सही केली नव्हती. शहाणे होते. माझी नोंदणी नऊ महिने स्थगित झाली. सुनावणीत नोंदणी मंडळाच्या एका वयस्क सदस्याने विचारलं, तुमच्यावर दबाव होता असं नोंदवायचं का? मी म्हणाले, दबाव होता, पण सही माझी होती, दोन्ही नोंदवा. त्या नऊ महिन्यांत मला वाईट वाटायचं त्याहून जास्त राग यायचा. भांडी घासताना, एमआरटीच्या गाडीत, कुठेही. इतका की मूठ वळलेली असायची आणि मला पत्ता नसायचा.

कासोंडे किट्वेला परतला. वर्षभर दुसऱ्या श्रेणीत खेळला. आधी शेवटची वीस मिनिटं, मग अर्धा सामना. मोबाइलवर कोणीतरी टाकलेले ते सामने मी बघायचे. वळताना तो पहिले काही महिने कचरायचा. बचावपटूंच्या ते लक्षात यायचं आणि ते त्याच बाजूला उभे राहायचे. मग एका सामन्यात तो वळला, नेहमीसारखा, आणि बचावपटू पडला. मी एकटीच होते घरात. मी ओरडले.

या वर्षी मार्चमध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या एका क्लबच्या फिजिओचं ईमेल आलं. म्वापेला चाचणीसाठी बोलावतोय, त्याच्या डाव्या पायाची सगळी कागदपत्रं आणि तुमचं मत हवंय. मी उत्तर लिहायला बसले आणि थांबले. खरं लिहिलं तर ते बिचकतील. न लिहिलं तर मी पुन्हा तीच. पण पाय त्याचा होता. दीड वर्षात पहिल्यांदा मी त्याला फोन लावला. त्याने उचलला.

"कासोंडे, तुझ्या पायाबद्दल त्यांनी विचारलंय. तुझ्या परवानगीशिवाय मी काही पाठवणार नाही."

"काय लिहिणार आहात?"

"सगळं. तडा कधी गेला, तू कसा खेळलास, ऑपरेशन उशिरा का झालं. आज हाड कसं आहे ते त्यांनी स्वतः स्कॅन करून बघावं, माझ्या शब्दावर जाऊ नये, असंही."

"ते मला घेणार नाहीत कदाचित."

"कदाचित नाही घेणार."

मागे मुलांचा आरडाओरडा चालला होता, कुठलंतरी मैदान असावं.

"लिहा," तो म्हणाला. "कोणी खेळवलं तेही लिहा. नावं लिहा. तुमचंसुद्धा."

"लिहिते."

"आणि मिसेस जोगळेकर." बामायो नाही, मिसेस जोगळेकर. "मी अजून तुमच्यावर रागावलेलो आहे."

"माहीत आहे मला."

"ठीक आहे," तो म्हणाला, आणि फोन ठेवला.

मी चार पानं लिहिली. त्यांनी दोनदा स्कॅन केला, तीन आठवडे त्याला पळवून पाहिलं आणि मग दोन वर्षांसाठी करारबद्ध केलं. हे मला त्याने कळवलं नाही. त्याच्या आईने कळवलं, एका ओळीत. खाली तिने नाव लिहिलं होतं आणि पुढे 'पंच'.